डोळ्यांच्या आतला रक्तस्राव : दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको



तांदूळ निवडता निवडता एका ताईंना ताटात काळा केस दिसला. तो चिमटीत धरायला त्यांनी हात नेला, पण हाताला काही लागेना. ताट फिरवले तरी केस नजरेसमोरच. दुपारपर्यंत त्या केसाच्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे तरंगू लागले आणि संध्याकाळी उजव्या डोळ्यासमोर लालसर धूर पसरला. डोळा दुखत नव्हता, चिकटत नव्हता. आरशात पाहिले तर अगदी नेहमीसारखा. "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू," असे घरात ठरले. मेडिकलमधून आणलेले थेंब तीन आठवडे घातले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्या पोचल्या, तेव्हा उजव्या डोळ्याने समोर हलणारा हात तेवढा कळत होता.

ताईंना बारा वर्षांपासून मधुमेह होता. गोळ्या चालू होत्या. पण डोळ्याच्या पडद्याची तपासणी एकदाही झालेली नव्हती. कोणी सुचवले तर त्या म्हणायच्या, "मला तर सुईत दोरा ओवता येतो, मग डोळे कशाला तपासायचे?"

दवाखान्यात अशा कहाण्या नेहमी ऐकू येतात. गाव आणि नाव तेवढे बदलते. म्हणून या वेळच्या पाठात डोळ्यांच्या आत होणारा रक्तस्राव समजून घेऊ. तो का होतो, त्याने नजर कशी जाते, आणि मुख्य म्हणजे तो होण्याच्या कितीतरी आधी आपल्याला काय करता येते, हे पाहू.

आधी डोळ्याची रचना

आपला डोळा म्हणजे जवळपास अडीच सेंटिमीटर व्यासाचा गोळा. पुढच्या बाजूला पारदर्शक काच असावी तसे आवरण असते. त्यामागे बुबुळ, बुबुळाच्या मधोमध बाहुली आणि बाहुलीमागे भिंग. सगळ्यात मागे, आतून अस्तर लावावे तसा पडदा असतो. आपण पाहतो त्या वस्तूचे चित्र या पडद्यावर उमटते आणि नसेवाटे मेंदूकडे जाते. पडद्याच्या मध्यभागी एक छोटा भाग आहे, त्याला मॅक्युला म्हणतात. अक्षरे वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही बारीक कामे त्याच्या जोरावर होतात.

भिंग आणि पडदा यांच्यामधली मोठी पोकळी जेलीसारख्या पारदर्शक द्रवाने भरलेली असते. या द्रवाला डॉक्टर व्हिट्रिअस म्हणतात. डोळ्याचा सुमारे ८० टक्के भाग यानेच व्यापलेला असतो आणि त्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्यात एकही रक्तवाहिनी नसते, म्हणून तर तो स्वच्छ राहतो आणि प्रकाश त्यातून सरळ पडद्यापर्यंत जातो. या द्रवात एका थेंबाहून कमी रक्त मिसळले तरी नजर गढूळ होते. हंड्यातल्या स्वच्छ पाण्यात कुंकवाची चिमूट पडावी, तसे होते.

रक्त कुठे साचले, हे महत्त्वाचे

डोळ्यात रक्त आले म्हणजे सगळे एकच नव्हे. चार जागा ध्यानात ठेवा.

पहिली जागा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची. जोरात खोकला आला, शिंक आली, ओकारी झाली किंवा डोळा चोळला की वरची बारीक रक्तवाहिनी फुटते आणि पांढरा भाग लालभडक दिसतो. बघणारा घाबरतो, पण नजर शाबूत असते. मार लागलेला नसेल, दुखत नसेल आणि नीट दिसत असेल, तर हा डाग एक-दोन आठवड्यांत आपोआप जातो. वारंवार होत असेल तर रक्तदाब मात्र तपासून घ्यावा.

दुसरी जागा पुढच्या आवरणाच्या आत, बुबुळासमोर. विटी, चेंडू, दगड, गुद्दा किंवा फटाका डोळ्यावर बसला की इथे रक्त साचते. याला हायफिमा म्हणतात. माणूस बसलेला असताना ग्लासच्या तळाशी गाळ बसावा तशी रक्ताची रेघ बुबुळाच्या खालच्या बाजूला दिसते. ही तातडीची बाब आहे. डोळ्यातला दाब वाढून नस खराब होऊ शकते, आणि पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

तिसरी जागा म्हणजे व्हिट्रिअस, ताईंना झाला तो प्रकार. बाहेरून काहीच दिसत नाही, दुखत नाही आणि नजर मात्र अचानक जाते.

चौथी जागा खुद्द पडद्यावर किंवा पडद्याखाली. रक्त कडेला असेल तर रुग्णाला पत्ताही लागत नाही. मॅक्युलावर असेल तर समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी डाग दिसतो आणि कडेचे तेवढे दिसत राहते.

थोडक्यात, जो डोळा बाहेरून लाल दिसतो तो बहुतेक वेळा कमी धोक्याचा, आणि जो आरशात छान दिसतो तो कधी कधी जास्त धोक्याचा असतो. मार लागलेला डोळा मात्र कसाही दिसत असला तरी दाखवलाच पाहिजे.

मधुमेहात आत काय घडते

व्हिट्रिअसमध्ये रक्त येण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक मधुमेह आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. काही ठिकाणी त्या फुगतात, काही ठिकाणी झिरपतात, काही ठिकाणी बंद पडतात. जिथे रक्त पोचत नाही, तिथला पडदा प्राणवायूसाठी आसुसतो. तो रसायनांच्या रूपाने निरोप धाडतो, 'नव्या वाहिन्या पाठवा.' नव्या वाहिन्या येतातही, पण त्या कच्च्या असतात. त्या पडद्यावरून व्हिट्रिअसमध्ये वाढतात आणि जरा ओढ बसली की फुटतात. कधी रात्री झोपेतही फुटतात.

हे सगळे व्हायला बहुधा काही वर्षे लागतात, आणि त्या काळात माणसाला उत्तम दिसत असते. सुईत दोरा ओवता येतो तो याच काळात. म्हणजे नजर चांगली असणे हा पडदा चांगला असल्याचा पुरावा नाही.

मधुमेहाखेरीज आणखी कारणे आहेत. पन्नाशी-साठीनंतर व्हिट्रिअस आकसतो आणि पडद्यापासून सुटा होतो. बहुतेकांना यात थोडे ठिपके दिसण्यापलीकडे काही होत नाही. पण सुटताना पडदा फाटला तर रक्त येते आणि पुढे पडदा निसटतो. उच्च रक्तदाब असलेल्यांच्या पडद्यातली शीर कधी कधी गुठळीने बंद होते, त्यातूनही रक्तस्राव होतो. आणि डोळ्याला लागलेला मार तर कोणत्याही वयात कारण ठरतो.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

विदर्भातल्या आपल्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांमध्ये सिकलसेल हा शब्द अनोळखी नाही. या आजाराने सांधे दुखतात, रक्त कमी होते, हे ठाऊक असते. डोळ्यांचा संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्यांत त्या अडकतात, वाहिन्या बंद पडतात आणि मधुमेहासारखेच कच्च्या वाहिन्यांचे जाळे वाढते. त्यातून तरुण वयातही व्हिट्रिअसमध्ये रक्त येऊ शकते. म्हणून सिकलसेलग्रस्त मुलांची पडद्याची तपासणी वयाच्या दहाव्या वर्षापासून सुरू करावी आणि दर एक-दोन वर्षांनी करत राहावी.

वाहकांना, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्यांना, एरवी त्रास नसतो. पण डोळ्याला मार लागून हायफिमा झाला तर वाहकांनाही धोका असतो. डोळ्यातल्या पाण्यात प्राणवायू कमी असल्याने तिथे त्यांच्याही पेशी विळ्यासारख्या होतात, पाण्याचा निचरा तुंबतो आणि दाब झपाट्याने चढतो. शिवाय दाब उतरवण्यासाठी नेहमी दिली जाणारी काही औषधे अशा रुग्णांना मानवत नाहीत. म्हणून डोळ्याला मार लागलेल्या मुलाला घेऊन गेलात, तर डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांगा : "आमच्या घरात सिकलसेल आहे," किंवा "हा वाहक आहे." तपासणीचे कार्ड असेल तर सोबत न्या. तपासणी झालीच नसेल तर ती करून घ्या. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

दिसण्यावर काय परिणाम होतो

थोडे रक्त असेल तर काळे ठिपके, केस, धागे किंवा डास उडाल्यासारखे दिसते. डोळा हलवला की तेही हलतात. अधिक असेल तर धूर, जाळी किंवा लालसर पडदा येतो. फार असेल तर फक्त उजेड-अंधार कळतो. कित्येकांना सकाळी उठल्यावर जास्त धूसर दिसते आणि दिवस चढला की थोडे निवळते. रात्री आडवे झाल्यावर रक्त मागे मॅक्युलासमोर पसरते आणि उठून बसल्यावर खाली बसते, त्यामुळे असे होते. यावरून 'आजार बरा होतोय' असे समजू नये.

दुसरी फसगत दोन डोळ्यांची. एक डोळा अधू झाला तरी दुसरा काम भागवतो आणि महिनोन्‌महिने कळत नाही. म्हणून एक सोपी सवय लावा. आठवड्यातून एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर ठरलेल्या अंतरावर उभे राहा. चष्मा असेल तर तो लावा. एक डोळा तळहाताने झाकून तारखा वाचा, मग दुसरा झाकून वाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही करायला लावा. दोन डोळ्यांत फरक वाटला तर दवाखाना गाठा. ही चाचणी पडद्याच्या तपासणीची जागा घेत नाही, पण गेलेली नजर लवकर लक्षात आणून देते.

अचानक असे झाले तर

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ठिपक्यांसोबत वीज चमकल्यासारखा प्रकाश दिसत असेल किंवा एका बाजूने काळी सावली सरकत येत असेल, तर पडदा फाटला वा निसटला असण्याची शक्यता असते. मग रात्र काढू नका. मॅक्युला निसटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची आशा पुष्कळ असते.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेऊन थांबू नका. तिथे नंबर कळतो, पडदा दिसत नाही. मध, गुलाबपाणी, एरंडेल, झाडपाल्याचा रस यांतले काहीही डोळ्यात घालू नका. ते आतल्या रक्तापर्यंत पोचत नाही, उलट बाहेर जखम करते. मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका.

तपासणी होईपर्यंत जड वजन उचलू नका, पाण्याचा हंडाही नाही. झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवा, म्हणजे रक्त खाली बसायला मदत होते. हृदयासाठी ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मधुमेहींच्या मोठ्या अभ्यासात ॲस्पिरिनमुळे व्हिट्रिअसमधला रक्तस्राव वाढल्याचे आढळले नाही. मार लागलेल्या डोळ्याची गोष्ट निराळी. तिथे दुखणे थांबवण्यासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. डोळा चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये, डोके उंच ठेवून लगेच रुग्णालयात न्यावे.

तपासणी आणि उपचार

डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आतला पडदा पाहतात. त्यानंतर काही तास धूसर दिसते, उन्हाचा त्रास होतो. म्हणून सोबत कोणीतरी न्या आणि स्वतः गाडी चालवू नका. रक्तामुळे पडदा दिसतच नसेल तर सोनोग्राफी करतात. गरोदरपणात पोटाची करतात तशीच, ती दुखत नाही. रक्ताच्या मागे पडदा जागेवर आहे की निसटला, हे तिच्यावरून कळते.

पडदा जागेवर असेल तर कधी कधी थांबून पाहतात. शरीर रक्त शोषून घेते, पण सावकाश. काही आठवडे ते काही महिने लागतात. मात्र रक्त गेले म्हणजे आजार गेला असे नाही. कच्च्या वाहिन्या तिथेच असतात. त्यांच्यासाठी लेसर करतात. पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक ठिपके दिले जातात, त्यामुळे प्राणवायूची मागणी घटते आणि कच्च्या वाहिन्या आटतात. अमेरिकेत १९७०च्या दशकात झालेल्या मोठ्या अभ्यासात या उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी झाला. लेसर गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखतो. हे आधी समजले नाही तर रुग्ण "लेसर करूनही फरक नाही" म्हणून मध्येच उपचार सोडतात.

कच्च्या वाहिन्या वाढवणारे रसायन रोखण्यासाठी डोळ्यात इंजेक्शनही देतात. ऐकून भीती वाटते, पण डोळा बधिर करून दिले जाते. ते एकदा घेऊन भागत नाही. सांगितलेल्या तारखा पाळाव्या लागतात.

रक्त निवळत नसेल, पुन्हा पुन्हा येत असेल किंवा पडदा ओढला जात असेल, तर शस्त्रक्रिया करतात. तिला विट्रेक्टमी म्हणतात. डोळ्यात बारीक छिद्रे पाडून गढूळ व्हिट्रिअस काढतात आणि त्या जागी स्वच्छ द्रव, वायू किंवा तेल भरतात. डॉ. रॉबर्ट मॅकेमर यांनी १९७०च्या सुमारास अमेरिकेत मायामी येथे ही पद्धत विकसित केली. त्याआधी असे डोळे कायमचे गेले, असेच धरले जाई. वायू भरला असेल तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत विमानप्रवास करू नये.

खर्चाची चिंता खरी आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात आधी जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, कोणती कागदपत्रे लागतात, हे त्यांना विचारा. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

रक्तस्राव होण्याआधीच

नेहमीचा, म्हणजे प्रकार दोनचा मधुमेह असल्याचे कळले त्याच वर्षी पडदा तपासून घ्या आणि पुढे दरवर्षी. लहानपणी जडणाऱ्या प्रकार एकच्या मधुमेहात पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी करतात. मधुमेही स्त्रीला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहावा, कारण गरोदरपणात हा आजार बळावू शकतो.

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी वेळोवेळी करा. इंग्लंडमधल्या दीर्घ अभ्यासात ही सरासरी १ टक्क्याने कमी असण्याशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारांत सुमारे ३७ टक्क्यांची घट जोडलेली आढळली. रक्तदाब आटोक्यात ठेवा. तंबाखू आणि बिडी सोडा.

शेवटी

त्या ताईंच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. पडदा ओढला गेला होता, त्यामुळे त्या डोळ्याने आता बोटे मोजण्यापुरते दिसते. पण त्याच भेटीत डावा डोळाही तपासला गेला. त्यातही कच्च्या वाहिन्या सापडल्या आणि वेळेवर लेसर झाला. त्या डोळ्याने ताई आजही तांदूळ निवडतात, नातीचा अभ्यास घेतात. उजव्या डोळ्याला जे मिळाले नाही, ते डाव्याला मिळाले. फरक तपासणीचा.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी अधू झाली होती, हे आपण जाणतो. ज्यांचे अवघे आयुष्य ग्रंथांच्या संगतीत गेले, त्यांना वाचणे जड जावे, ही किती मोठी यातना! ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. जगातला पहिला लेसर तयार झाला १९६०मध्ये, आणि विट्रेक्टमी आली त्यानंतर दहा वर्षांनी. त्यांच्या काळात जे नव्हते, ते आज जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या शहरात मिळते. मग आपण तिथवर न जाणे शोभत नाही.

महिला मंडळात व युवक मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत मधुमेह असलेल्या किती जणांनी गेल्या वर्षभरात बाहुली मोठी करून पडदा तपासून घेतला? नावे लिहून काढा आणि राहिलेल्यांना मिळून घेऊन जा.

२. सिकलसेलग्रस्त आणि वाहक मुलांच्या पालकांना डोळ्याच्या माराबाबतची सूचना सांगितली का?

३. सर्वात जवळची पडद्याची तपासणी कुठे आणि कोणत्या वारी होते? ही माहिती विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. ज्यांना ती वाचता येणार नाही, त्यांना वाचून दाखवा आणि आधी त्यांनाच घेऊन जा.